चोवीस गाद्या

सोमवार, ३ ऑक्टोबर १९८८. पाचोरा.

आज आम्ही पाचोऱ्याला आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी नात वैजू. सावद्याहून सकाळी निघालो, भुसावळला गाडी बदलली. सगळ्या वाटेत वैजूने खिडकी सोडली नाही आणि मी तिचा फ्रॉक सोडला नाही. खिडकीला गज होते, तरी माणसाला भरवसा वाटत नाही.

जागा चांगली आहे. पूर्वी इथे कापसाची जिन होती, ती बंद पडून बरीच वर्षं झाली. आता एका शिक्षणसंस्थेने ती घेऊन तिचं बालकमंदिर करायचं काढलं आहे. मला रखवालदार नेमलं आहे आणि फाटकाजवळची खोली राहायला दिली आहे. खोली कोरडी आहे. विहिरीवर जाळी आहे, ती मी आधी पाहून घेतली. वैजूला इथेच शाळेत बसता येईल, माझ्या डोळ्यासमोर. एवढ्यासाठीच मी हे काम धरलं. तिची आई तिच्या जन्मावेळीच गेली. बाप, माझा मुलगा भाईदास, केळीचे ट्रक दिल्लीला नेतो, दीड-दोन महिन्यांनी एकदा तोंड दाखवतो. तिला मी आणि मला ती.

शाळेच्या मोठ्या बाई सुनंदाबाई आहेत. त्यांनी मला ही कोरी डायरी दिली आणि रोज काय झालं ते लिहीत जा म्हणाल्या. मी चौथीपर्यंत शिकलो आहे असं सांगितलं. त्या म्हणाल्या, आबा, चौथी शिकलेला माणूस खोटं लिहीत नाही. मला बरं वाटलं.

रविवार, ९ ऑक्टोबर

काम जोरात आहे. जळगावच्या इंजिनियरने नकाशा केला आहे, आणि काम निंबा मिस्त्री करतो. जिथे कापसातून सरकी काढायचे रेचे चालायचे त्या लांब दालनात तीन वर्ग होणार. भिंती जाड, छप्पर उंच. पोरांना उजेड पाहिजे म्हणून नव्या खिडक्या पाडल्या, त्याही खाली, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला. मला त्या फार खाली वाटतात. मी निंबाला गज लावायला सांगितले. तो हसला. म्हणाला, आबा, पोरं ठेवनी शे का वाघ?

पलीकडचं दालन प्रेसचं. तिथे रुई दाबून तिच्या गाठी बांधायचे. यंत्र कधीच विकलं गेलं, त्याचा खड्डा निंबाने बुजवून वर शहाबादी फरशी घातली. ती पोरांची दुपारी झोपायची खोली. कितीही झाडलं तरी तुळयांवरून रुईचे तंतू पडतात. उन्हाच्या पट्ट्यात ते तरंगताना दिसतात. वैजू त्यांच्यामागे धावते. मी तिच्या नाकावर रुमाल बांधतो, ती काढून टाकते.

प्रेसच्या मागे एक लहान कोठी आहे. तिथे रुईची एक जुनी गाठ पडून आहे. बारदानात बांधलेली, तीन लोखंडी पट्ट्या आवळलेली, पण नेहमीच्या गाठींच्या निम्मी. मी म्हटलं, ही का नाही नेली कोणी? निंबा म्हणाला, ऱ्हाऊ द्या तिले तठेच. मी कारण विचारलं तर म्हणाला, तुम्ही केळीना गडी, तुमले कापूस काय समजी? सगळे मजूर हसले. मला राग आला, पण खरंच आहे. आमच्याकडे केळीची बाग. कापसातलं मला काही कळत नाही.

गुरुवार, २० ऑक्टोबर. दसरा.

सकाळी निंबाने थापी-ओळंबा मांडून पूजा केली. मग एक म्हातारी आली, धुरपदाबाई नावाची. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पूर्वी इथे रेच्यावर कामाला होती असं निंबा म्हणाला. ती कोणाशी न बोलता कोठीत गेली. तिने त्या गाठीला हळदकुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं आणि बराच वेळ गाठीवर थोपटत बसली. आम्हीही दसऱ्याला इळ्या-कोयत्याला, बैलगाडीला कुंकू लावतो. तिने जिथे जन्म घालवला त्या जिनची आठवण म्हणून ही गाठ पूजत असेल.

जाताना वैजूच्या गालाला हात लावून म्हणाली, देखनी शे पोर. मी वैजूला मागे घेतलं. दृष्ट लागायला वेळ लागत नाही.

सोमवार, २१ नोव्हेंबर

शाळा सुरू झाली. चोवीस पोरं, वैजू धरून. पहिला तास निम्मी रडत होती, निम्मी त्यांना पाहून रडत होती. एका पोराने माझ्या धोतराला नाक पुसलं. सुनंदाबाईंनी मला गोष्ट सांगायला लावली. मी केळीच्या घडाची सांगितली, ती वैजूनेच मध्ये तोडून पुरी केली. फार वर्षांनी एवढा हसलो.

दुपारी एक ते तीन पोरं झोपतात. खाली सतरंजी असते. मी दाराशी बसून राहतो.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

थंडी पडली. फरशी बर्फासारखी. वैजूला खोकला झाला आहे. मी तिची छाती तेलाने चोळली, ओव्याची पुरचुंडी शेकली. तिच्या आईलाही असाच खोकला होता. सुनंदाबाईंना गाद्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, संस्थेला लिहिलं आहे, संक्रांतीनंतर होईल. संक्रांतीपर्यंत पोरीने काय करायचं?

रुई तर कोठीत पडली आहे.

रविवार, ४ डिसेंबर

आज गाठ उघडली. कोणाला विचारलं नाही. निंबाचं काम संपून तो भडगावला गेला आहे, आणि सुनंदाबाईंना गाद्या शिवलेल्याच दाखवू असं मनात होतं. पट्ट्या मी छिन्नीने तोडल्या. शेवटची तुटली तेव्हा गाठ फुगली, कोंडलेला श्वास सोडावा तशी.

नथ्थू पिंजारी सकाळपासून अंगणात पिंजत होता. कमानीची तात घुमत होती, वैजू तालावर नाचत होती. वरची रुई पांढरी निघाली. मधला थर चहासारखा तांबडा, घट्ट चिकटलेला, त्यात ठिसूळ पांढरा चुरा. नथ्थू थांबला. त्याने विचारलं, आबा, ही रुई कुठली? मी म्हणालो, संस्थेने पाठवली. तो म्हणाला, हा डाग तेलाचा वाटत नाही. मी म्हणालो, जुनी आहे, सरकीचं तेल सुटलं असेल, पिंज तू. त्या थरात दोन काळे मणी निघाले, दोऱ्यात ओवलेले. पोरांच्या मनगटाला बांधतात तसले. वेचणाऱ्या बाईच्या हातातून कापसात पडले असतील. मी ते फाटकाबाहेर टाकले.

तांबडं आणि पांढरं एकत्र पिंजलं की काही कळत नाही, सगळं सारखं होतं. चोवीस लहान गाद्या भरल्या. संध्याकाळच्या आत टाके घालून झाले.

मंगळवार, ६ डिसेंबर

सुनंदाबाई फार खूश झाल्या. रुई कुठली विचारलं तेव्हा मी म्हणालो, सावद्याच्या ओळखीतून मिळाली. एकदा खोटं बोललं की दुसरं सोपं जातं. पोरं पडल्या पडल्या झोपली. वैजूचा खोकलाही थांबला.

शुक्रवार, ९ डिसेंबर

एक गोष्ट लिहून ठेवतो. दुपारी चोवीसही पोरं डाव्या कुशीवर झोपतात. गुडघे पोटाशी, मूठ तोंडात. सुनंदाबाई म्हणाल्या, थंडीमुळे. असेल. पण उठतातही एकदम. कोणी हाक मारत नाही. एका क्षणी चोवीस डोळ्यांच्या जोड्या उघडतात आणि सगळ्या दाराकडे बघतात. दाराशी मी असतो. मला पाहून पोरांची तोंडं पडतात. दुसरं कोणी येणार होतं, तसं.

मंगळवार, १३ डिसेंबर

वैजूला अंघोळ घालताना तिच्या पाठीवर वळ दिसले. आडवे, लाल, सरळ, सारख्या अंतरावर. तीन. मला वाटलं कोणी मारलं. शाळेत दुसऱ्या दोन पोरांचे सदरे वर करून पाहिले. तेच तीन वळ. गादीच्या शिवणीचे म्हणावे तर शिवण उभी आहे.

आणखी एक. वैजू सावद्याची, तिच्या तोंडात आमची बोली. आम्ही "हाये" म्हणतो, ती इकडच्यासारखं "शे" म्हणायला लागली. शाळेतून उचललं असेल म्हणून मी हसलो. पण आज झोपेतून उठून ती म्हणाली, मनी माय कोठे शे? आईचं तिने आजपर्यंत कधी विचारलं नव्हतं. तिला आई म्हणजे काय ते ठाऊक नाही. तिला जवळ घेतलं. तिच्या पलीकडच्या पोराने तेच विचारलं. मग त्याच्या पलीकडच्याने. शेवटी सगळ्यांनी, हळू आवाजात, ओळीने.

त्यांच्या आया तीन वाजता न्यायला आल्या. त्या समोर उभ्या असतानाही पोरं विचारत होती.

गुरुवार, १५ डिसेंबर

आज धुरपदाबाई आली. कोठीत गेली आणि लगेच बाहेर आली. ओरडली नाही. मला म्हणाली, तो कोठे शे?

मी सगळं सांगितलं. पिंजलं, भरलं, चोवीस गाद्या केल्या. ती तिथेच मातीत बसली. म्हणाली, आबा, मना पोऱ्या चोवीस जागे वाटी दिधा तुम्ही.

मग तिने सांगितलं ते लिहितो. चाळीस वर्षांमागची गोष्ट. हंगामात बाया तान्ह्या पोरांना घेऊन कामाला यायच्या. थंडीत पोरं गार पडू नयेत म्हणून प्रेसजवळच्या रुईच्या ढिगात त्यांना निजवायच्या. सगळ्याच निजवायच्या, तिथे ऊब असायची. हिचा मुलगा नऊ महिन्यांचा. ही पलीकडे रेच्यावर. त्या दिवशी गाठी लवकर पाहिजे होत्या. नवा गडी होता. त्याने लांब दात्यांच्या पंजाने ढीग उचलून प्रेसच्या पेटीत लोटला. निम्मी पेटी भरली होती तेव्हा हिला आठवलं आणि ही धावत आली. तोवर दाब खाली आला होता.

लोक पट्ट्या तोडायला निघाले. हिने तोडू दिल्या नाहीत. म्हणाली, उघडलं की मला बघावं लागेल. बांधलेला आहे तोवर तो निजला आहे. म्हणून त्या गाठीवर नंबर पडला नाही, ती कोठीत राहिली. मालक बदलले, जिन बंद पडली, कोणी तिला हात लावला नाही. ही दर दसऱ्याला आणि अधूनमधून येऊन त्याला थोपटत राहिली. बांधेल व्हता तवलग निजेल व्हता, असं ती तीनदा म्हणाली.

काय करायचं विचारलं. ती म्हणाली, सगळी रुई गोळा करून परत बांधा. सगळी. मी थोपटते.

शनिवार, १७ डिसेंबर

सुनंदाबाईंना सांगितलं, गाद्यांत ढेकूण झाले, काढून घेतो. त्या बरं म्हणाल्या. खरं सांगायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मग खोली जाईल, काम जाईल, वैजूला घेऊन कुठे जाऊ? भाईदासच्या ट्रकमध्ये?

गाद्या मोकळ्या करून रुई बारदानात भरली. तेवीस गाद्यांची.

वैजूची दिली नाही.

तिच्याकडून ओढली तेव्हा ती निळी पडेपर्यंत रडली, आणि खोकला परत आला, तसाच, तिच्या आईसारखा. हातातून गादी सुटेना. मी विचार केला, चोवीसातला एक भाग. मूठ-दोन मुठी. एवढ्याने काय अडतं? ती मी आमच्या खोलीत खाटेखाली ठेवली.

धुरपदाबाईने रुई दाबून दोरखंडाने बांधली. त्यावर हात ठेवून थोपटलं. मग हात थांबला. म्हणाली, थोडा कमी शे. बाकीना कोठे शे? मी म्हणालो, एक गादी फाटली होती, फेकली. फेकी दिधी? एवढंच म्हणाली. मग म्हणाली, आता तो निजणार नाही. उरलेला शोधत जाईल.

सोमवार, १९ डिसेंबर

पोरं बरी झाली. दुपारी एकही झोपलं नाही. दोघे मारामारीत पडले, एकाने माझी टोपी पळवली, एकीने खिडकीतून चप्पल फेकली. सुनंदाबाई वैतागल्या. मी कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसले. पाठीवरचे वळ गेले.

वैजू एकटी झोपली, बारा ते चार. पाठीवर वळ आता सात आहेत.

बुधवार, २१ डिसेंबर

जेवत नाही. भाकरी-दूध तोंडाशी नेलं की ओठ मिटते. आबा म्हणत नाही. माझ्याकडे बघून विचारते, तू कोन शे?

डॉक्टरांकडे नेली. त्यांनी छाती तपासली, अशक्तपणा म्हणाले, बाटली दिली. काट्यावर ठेवली तेव्हा काटा हलला नाही. काटा बिघडला म्हणाले. तो बिघडला नव्हता. मला ठाऊक होतं. तिला कडेवर घेऊन आलो तेव्हा कडेवर काही आहे असं वाटलंच नाही.

शुक्रवार, २३ डिसेंबर

आज ठरवलं, गादी देऊन टाकू. रडली तर रडू दे. खाटेखालून काढली. हातात आली ती नुसती खोळ. वाटलं उंदरांनी कुरतडली. टाके तसेच आहेत, भोक कुठे नाही. उसवून पाहिली.

आत काही नाही. एक तंतूही नाही.

वैजू समोर बसून बघत होती. तिच्या ओठाच्या कडेला पांढरं होतं. पुसायला गेलो. तो तंतू निघाला. ओढला. संपेना.

सोडून दिला. घाबरलो.

दुपारी

धुरपदाबाईला सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही. शिव्या घालील वाटलं, घातल्या नाहीत. म्हणाली, पोर एक दुपार माझ्या मांडीवर द्या. माले तुमनी पोर नको, आबा. माले मना पोऱ्याले निजाडनं शे. तो निजला की तिच्यातून सुटेल.

आणि नाही सुटला तर? असं विचारलं. तिने पदर मांडीवर पसरला.

कशी देऊ? चाळीस वर्षं जिची मांडी रिकामी, तिच्या मांडीवर माझी पोर.

शनिवार, २४ डिसेंबर

सकाळी वैजूला घेऊन स्टेशनवर गेलो. सावद्याला नेतो म्हणून. गाडीत पाय ठेवला तशी ती माझ्या हातातून मागे, शाळेच्या दिशेने जायला लागली. वारा नव्हता. एक बाई ओरडली, अहो पोर सांभाळा. खांद्यावरच्या उपरण्याने तिला पोटाशी बांधली. गाडी सोडली. परत आलो.

फाटकाशी धुरपदाबाई बसली होती. हात पुढे केले. मी तिच्या अंगावरून खोलीत गेलो. कडी लावली.

त्याच दिवशी. ऊन डोक्यावर.

बाहेर ती हाका मारते. रडते. द्या हो आबा, थोडा वेळ द्या, म्हणते. वैजूला तिचा आवाज कळतो. माय म्हणते. माझ्या वैजूच्या तोंडाने.

हात धरून बसलो आहे. बोटं मऊ. ओढली की लांब होतात, सूत काढायच्या पेळूसारखी — सोडली की परत —

भाईदासला काय सांगू.

दाराकडे सरकते आहे. चालत नाही, सरकते. फटीतून उजेड येतो तिकडे. फट बोटभर. तेवढ्यातून ती — नाही, जाऊ देणार नाही —

भिंतीशी घेतली. उपरणं बांधलं. उपरण्यातून निसटते. खाटेवरची वाकळ टाकली. वाकळीवर मी —

सगळं अंग टाकलं तिच्यावर. तेव्हा थांबली. आता सरकत नाही. वही जमिनीवर ठेवून लिहितो आहे.

बाहेर धुरपदाबाई दारावर डोकं आपटते. फटीतून बघून उठा, म्हणते. आबा, दाबू नका, उठा —

मी दाबलं नाही. नुसतं धरलं आहे. जाऊ नये म्हणून. एवढंच. मी दाबलं कुठे —

खाली मऊ लागतं. हलत नाही. किती वेळ झाला कळत नाही. ऊन भिंतीवर चढलं.

वैजू. आबा म्हण. "हाये" म्हण. एकदा ओ दे, मी लगेच उठ